द्राक्षाच्या काडीची नोंद युरोपातही करा

महोदय,

निर्यातीचा हंगाम आला की 'पेटंट वाणांची रॉयल्टी (वाण तयार करणाऱ्याला द्यायचा मोबदला) म्हणजे शेतकऱ्याची लूट' ही ओरड सुरू होते. मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. रॉयल्टी मलाही जड वाटते. पण फुकटच्या काडीचा, म्हणजे नवी वेल करायला परवान्याविना उचललेल्या फांदीच्या तुकड्याचा, हिशेब कुणी मांडत नाही.

आपल्या बहुतेक बागा अजून थॉमसन या जुन्या वाणाच्या आणि तिच्या भाऊबंदांच्याच. मणी फुगवायला जीएच्या (जिबरेलिक ॲसिड या संजीवकाच्या) बुडवण्या, विरळणीला मजुरांची फौज. तिकडे पेरूने (देश, फळ नव्हे!) परवाने घेऊन नवे वाण लावले आणि द्राक्ष निर्यातीत जगाच्या पहिल्या रांगेत जाऊन बसला. आपल्याकडे सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीने 'आरा' हे परदेशी वाण आणले, तेही करार करूनच. नवे वाण तयार करणारा परदेशी पैदासकार इथे यायला कचरतो, त्याचे कारण आपल्याला ठाऊक आहे. आपल्याकडे शेजाऱ्याची काडी नेणे हे विरजण मागण्याइतके सहज. चार काड्या हाती लागल्या की दोन-तीन वर्षांत तेच वाण दहा गावांत खुंटांवर चढलेले दिसते.

अशा बागेचा माल मुंबईच्या बाजारात खपेल. युरोपात मात्र वेलींच्या वाणाला ३० वर्षे संरक्षण असते, आणि विनापरवाना काडीवरच्या घडालाही तो हक्क लागू होतो. म्हणजे ज्या बाजारासाठी काडी उचलली, तोच बाजार बंद.

आपला २००१ चा वाण संरक्षण कायदा शेतकऱ्याचा बियाणे राखण्याचा हक्क जपतो. तो राहायलाच हवा. त्याच कायद्यात शेतकऱ्याच्या स्वतःच्या वाणाचीही नोंदणी होते, याचा मात्र आपल्याला विसर पडतो. नान्नजच्या नानासाहेब काळे यांचे सोनाका, बोरगावच्या वसंतराव आर्वे यांचे तास-ए-गणेश ही शेतकऱ्यांचीच द्राक्ष वाणे राज्यभर पसरली ते काडीने काडीने. माझ्या वडिलांनीही सोनाका तशीच आणली होती, तेव्हा मी कुणाला बोल लावत नाही.

पण यापुढे मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात किंवा एखाद्याच्या बागेत वेगळा वाण गवसला, तर त्याची नोंद युरोपातही व्हावी आणि त्याचा खर्च केंद्राच्या शेतमाल निर्यात संस्थेने, अपेडाने, उचलावा. तिथे अर्ज करायला, वाण युरोपाबाहेर विकायला लागल्यापासून सहाच वर्षांची मुदत असते. ती सहा वर्षे आपण काड्या वाटण्यात घालवतो.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड (जि. नाशिक)