उकिडवं बसून दिलेल्या बैठकांबद्दल मावशींचे आभार

जळगाव

आदरणीय मावशी,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र तुमच्या नावचं आहे. मानवाकृती शिकणाऱ्या इतरांनीही ते वाचावं, म्हणून ते उघडपणे लिहितो आहोत. शेतातला रोज बुडवून तुम्ही भर उन्हाळ्यात आमच्यासमोर मॉडेल म्हणून बारा बैठका दिल्यात. त्यातून तुमच्या उकिडव्या बसण्याची दीड फुटी मूर्ती आणि चार तैलचित्रं झाली. हे काम तुमच्याशिवाय झालंच नसतं, आणि का झालं नसतं ते नीट सांगायला हवं.

शरीरशास्त्राच्या पुस्तकातली आकृती बहुधा उभी असते. भार एका पायावर, दुसरा पाय सैल. भाराच्या बाजूचं कटीर वर आणि त्याच बाजूचा खांदा खाली. आपल्या खानदेशातही शिल्प म्हटलं की आधी उभा पुतळाच डोळ्यांसमोर येतो. धुळ्याजवळच्या गोंदूरला जन्मलेल्या राम सुतार यांचा १८२ मीटरचा सरदार पटेलांचा पुतळा सगळ्यांना ठाऊक आहे. पण निंदणी करताना, भाकरी थापताना, एसटीची वाट बघताना माणूस जसा बसतो, ते उकिडवं बसणं पुस्तकात क्वचितच सापडतं. ते तुमच्याकडूनच शिकावं लागलं.

या बसण्यात कंबरेचा आतला बाक नाहीसा होतो आणि पाठ मानेपासून माकडहाडापर्यंत एकाच गोलाईत जाते. हात पुढे गुडघ्यांवर आले की खवाटे एकमेकांपासून लांब सरकतात, आणि त्यांच्या मधली जागा खोलगट न राहता सपाट होते. पोटरी मांडीखाली दाबून दोन्ही बाजूंना फुगते. आणि टाचा जमिनीला पुऱ्या टेकलेल्या असतात. चुका होतात त्या इथेच. शिकणारा धड सरळ ठेवतो, त्यामुळे बसकणीचा भार टाचांच्या मागे जातो आणि मूर्ती मागे कलंडते. ती सावरायला तो टाचा उचलतो. मग मूर्ती पडत नाही, पण ती बसलेली बाई राहत नाही, उठायच्या बेतात असलेली बाई होते. तुमचं बसणं विसाव्याचं होतं. बाजूने ओळंबा धरला की डोकं, हात आणि गुडघे पुढे येऊन मागच्या भाराला कसे तोलतात ते स्पष्ट दिसायचं. उंची मोजली तर डोक्याच्या चौपटीच्या आसपास. उभी आकृती साडेसात डोक्यांची धरतात.

तुमची पावलं मात्र शेवटपर्यंत पुरून उरली. अंगठा दुसऱ्या बोटापासून सुटा, बाहेरची कड जमिनीला घट्ट चिकटलेली, करंगळी आत वळलेली. डावा अंगठा उजव्यापेक्षा जास्त दाबलेला होता, आणि तेवढ्याने सगळ्या धडाला किंचित पीळ आला होता. हे फोटोवरून काम करताना सुटतं, कारण कॅमेऱ्याला एकच डोळा असतो आणि जवळचा गुडघा तो मोठा करून दाखवतो.

स्थिर बसणं हे कौशल्याचं काम आहे, हे ठामपणे सांगायचं आहे. दहा मिनिटं बैठक, पाच मिनिटं चालणं, तासात चार फेऱ्या. उकिडव्या पोझला यापेक्षा जास्त मागू नये, पायांना मुंग्या येतात. उठण्याआधी पावलांभोवती खडूची रेघ मारायची आणि नजरेसाठी दर फेरीला समोरच्या भिंतीवर एक खिळा ठरवून द्यायचा. पहिल्या दोन मिनिटांत पोझ ताजी, जरा उंच असते. मग शरीर बोट-दोन बोटं खाली बसतं. सुरुवातीला खांदा आणि शेवटी कोपर मोजलं की हात लांब निघतो. म्हणून कॅलिपर (माप घ्यायचा चिमटा) तिसऱ्या मिनिटानंतरच लावायचं. तुम्ही मात्र परत येऊन त्याच रेघेत, त्याच उंचीला बसायचात. दर फेरीला मॉडेल स्टँड, म्हणजे तुमच्या बसण्याचा फिरता चौथरा, आठवा हिस्सा फिरवता आला, तो त्यामुळेच.

आता मातीचं. काळी माती वाळताना फार आकसते आणि फाटते, म्हणून शाडू. आत ६ मिलिमीटरची सळई रेड ऑक्साइड मारून, नाहीतर गंज मातीत उतरतो; पाठीच्या पोकळीत तारेने लटकवलेली लाकडी फुलपाखरं (फुलीसारखे बांधलेले लाकडाचे तुकडे), म्हणजे ओली माती घसरत नाही. चव्वेचाळीस अंशांत कूलर तुमच्याकडेच वळवलेला बरा. त्याची हवा मातीवर आली की एक बाजू आधी वाळते आणि तडा जातो. दर अर्ध्या तासाने पाण्याचा फवारा, रात्री ओलं फडकं आणि वरून प्लास्टिक.

साचा घेताना गुडघा आणि काख यांच्यामध्ये प्लॅस्टर अडकणार हे उघड होतं, म्हणून दोन्ही हात तारेने कापून वेगळे घेतले. एक लिटर पाण्याला साधारण दीड किलो प्लॅस्टर. पाण्यावर प्लॅस्टर भुरभुरायचं, उलटं नाही, नाहीतर गुठळ्या होतात. पहिल्या पातळ थरात नीळ. साच्यातली माती काढून, आतून साबण लावून प्लॅस्टरचं ओतकाम झालं की साचा छिन्नीने फोडायचा. निळा रंग दिसला की छिन्नी हळू, कारण खाली तुमची पाठ आहे.

चित्रकारांनाही एक धडा मिळाला. सावळ्या त्वचेत पांढरा मिसळला की ती राखेसारखी होते. पिवळी माती, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) आणि किंचित अल्ट्रामरीन (गडद निळा) यांवरच बहुतेक काम होतं. पांढरा फक्त कपाळाच्या आणि नडगीच्या चकाकीपुरता, आणि तीही चकाकी खिडकीच्या उजेडामुळे निळसर. सुधीर पटवर्धनांच्या चित्रांतली कष्टकरी माणसं बघताना आता त्यांचे रंग जास्त कळतात.

प्रदर्शनाच्या पाटीवर माध्यम, माप, वर्ष लिहितात. मॉडेलचं नाव सहसा नसतं. हे बरोबर नाही. शिल्पकार के. एस. राधाकृष्णन यांच्या कांस्याकृतींमध्ये पुन्हापुन्हा येणारा मुसुई मुळात शांतिनिकेतनातला एक संथाळ मुलगा, त्यांच्या विद्यार्थिदशेतला मॉडेल. त्याचं नाव कलाकृतींना लागलं आहे. तुम्ही नाव छापू नका म्हणालात, म्हणून पाटीवर ‘बैठक: जळगाव तालुक्यातील शेतमजूर मावशी’ असं लिहिलं आहे. विचार बदलला तर पाटी बदलू. बैठकीचा मोबदला निंदणीच्या रोजापेक्षा कमी नसावा, हा नियमही लिहून ठेवला आहे.

मूर्ती अजून ओलसर आहे. प्लॅस्टर पुरतं सुकल्यावरच रंग चढवायचा आहे. त्याआधी एकदा येऊन पावलं बघून जा, चुकली असतील तर सांगा. मूर्तीतला शाडू हौदात पुन्हा भिजत घातला आहे.

आपली,
चित्र-शिल्पाची मंडळी