शनिवारची बैठक : जुन्या गाण्यांचं नवं नाटक

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता तालमीच्या हॉलमध्ये बैठक आहे. विषय ज्यूकबॉक्स म्युझिकल, म्हणजे आधीच लोकांच्या ओठांवर असलेली गाणी घेऊन बांधलेलं नाटक. पुढच्या प्रयोगासाठी हा प्रकार घ्यायचा का, ते त्याच दिवशी ठरेल.

येण्याआधी एवढं करा :

• 'मामा मिया!' (लंडन, १९९९) आणि 'जर्सी बॉइज' (ब्रॉडवे, २००५) यांची कथानकं वाचून या. पहिल्यात अ‍ॅबा या स्वीडिश पॉप गटाच्या गाण्यांवर आई-मुलीची संपूर्ण नवी गोष्ट रचली आहे, दुसऱ्यात 'फोर सीझन्स' या अमेरिकी गटाच्या गाण्यांतून त्या गाणाऱ्यांचीच कहाणी आहे. माझा कल पहिल्याकडे. चरित्र म्हटलं की बघता बघता नाटकाची मैफल होते.

• प्रत्येकाने एकच गाणं सुचवायचं. 'मस्त आहे' हे कारण चालणार नाही! ते कोण, कोणाला, कोणत्या प्रसंगी म्हणतं आणि गाणं संपल्यावर गोष्ट कुठे सरकते, हे दोन ओळींत लिहून आणा.

• परवानगीचं मात्र नीट लक्षात घ्या. कार्यक्रमात गाणं गाण्याचा परवाना वेगळा आणि तेच गाणं कथेत गुंफून रंगमंचावर आणण्याचा वेगळा. दुसरा बहुधा थेट हक्कधारकांकडून घ्यावा लागतो, त्याला वेळ लागतो, कधी सरळ नकारही येतो. शब्द बदलायचे असतील तर तेही आधी विचारायचं. लेखी होकार हातात येईपर्यंत पोस्टर नाही, तिकीटविक्री नाही.

वादकांनी साडेपाचलाच यावं. जमणार नसेल त्यांनी शुक्रवारपर्यंत सचिवांना कळवावं.