हॉल करायला काढतोयस म्हणे

विलेपार्ले (पूर्व), मुंबई
फेब्रुवारीचा दुसरा रविवार

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

वहिनींनी शुभाला फोनवर सांगितलं की तू हॉल करायला काढलायस आणि त्या इंटिरिअरवाल्या पोराने लॅपटॉपवर चित्रं दाखवून तुला पार भुलवलंय. त्या चित्रांत कधी माणसं असतात का रे? पांढरा सोफा, एक कुंडी, भिंतीवर पट्ट्यापट्ट्यांचं लाकूड. चार्जरची वायर नाही, आजीच्या गोळ्यांचा डबा नाही, पावसात पंख्याखाली वाळत घातलेला टॉवेल तर नाहीच. आमचा हॉल नुकताच करून झालाय. सही करण्याआधी जरा माझं ऐक.

तुमची मुलुंडची बिल्डिंग आणि आमची, दोन्ही जुन्या. दर सर्वसाधारण सभेत रिडेव्हलपमेंटचा विषय निघतो, पेढे वाटायचेच बाकी राहतात आणि पुढच्या वर्षी बिल्डर नवा, विषय तोच. पण २०१९ च्या नियमांनुसार एकूण सभासदांपैकी ५१ टक्के हो म्हणाले की प्रकरण पुढे सरकतं, म्हणजे एखाद्या वर्षी खरंच सरकायचं. अशा घरात भिंतीला चिकटवलेला प्रत्येक रुपया शेवटी राडारोड्यात जाणार. म्हणून मी एकच नियम धरला: जे टेम्पोत घालून नेता येईल त्यावर सढळ हाताने खर्च, जे भिंतीला, छताला, जमिनीला कायमचं बसणार त्यावर हात आखडता. फॉल्स सीलिंग तिथल्या तिथे बाद झालं. जुन्या घरांची उंची हीच तर त्यांची श्रीमंती, ती पीओपीखाली पुरायची कशाला?

आणि हॉल-किचनमधली भिंत पाडायचं चाललंय म्हणे. तीस वर्षांवरच्या इमारतीला महापालिका कायद्याच्या ३५३-ब खाली स्ट्रक्चरल ऑडिट करावंच लागतं. सेक्रेटरींकडे तो अहवाल माग, वाच आणि मग त्या पोराला विचार की या भिंतीवर काय टेकलंय ते त्याने कुठून पाहिलं.

माझ्या नियमाला अपवाद एकच, ओल. तिथे पैसा घालावाच लागतो. आमची पश्चिमेची भिंत तुला आठवत असेल. दर पावसाळ्यात रंग फुगायचा, पोपडे पडायचे, बोट फिरवलं की पांढरी भुकटी. ती भुकटी म्हणजे सिमेंट-विटांतले क्षार. पाणी बाहेरच्या भेगांतून शिरतं, भिंत आतल्या बाजूने वाळते, पाणी उडून जातं आणि क्षार तिथेच राहतात. आतून वॉटरप्रूफ रंग फासला तर पाणी येणं थांबत नाही, दुसरीकडून वाट काढतं. म्हणून आधी बाहेरचं प्लास्टर. ते सोसायटीचं काम, त्यामुळे सेक्रेटरींच्या मागे हात धुऊन लागावं लागतं. शुभा लागली. मला ते जमत नाही.

रंग दिवाळीच्या तोंडावर काढू नकोस. सगळी मुंबई तेव्हाच रंगारी शोधत असते आणि भिंती चार महिन्यांचं पाणी पिऊन बसलेल्या असतात. ओल्या भिंतीवर लांबी, म्हणजे रंगाआधीची पुट्टी, भरली की ती सुटणारच. आम्ही जानेवारीपर्यंत थांबलो. रंगारी निवांत होता, हवा कोरडी होती, खिडक्या दिवसभर उघड्या ठेवता आल्या. रंग कोणता, यावर आमच्याकडे महाभारत झालं. कन्येला एक भिंत गडद हिरवी हवी होती. आमच्या खिडकीसमोर हातभर अंतरावर शेजारची बिल्डिंग, उजेड आधीच उसना. शेवटी हिरवा रंग पडद्यांवर गेला. हिंदमाताला सुती कापड मिळालं. शिवायला टाकण्याआधी ते भिजवून घे, नाहीतर पहिल्याच धुण्यात वितभर आखडतं.

लादीचं मात्र जरूर ऐक. कंत्राटदार म्हणाला, जुन्या मोझॅकवर व्हिट्रिफाइड टाइल्स टाकून देतो, तोडफोड नको. म्हणजे जुन्या स्लॅबवर आणखी वजन, सगळे दरवाजे खालून तासायचे आणि उंबऱ्याशी आईच्या पायाला नवी ठेच. मोझॅक म्हणजे सिमेंटमध्ये बसवलेल्या संगमरवराच्या कपच्या. ती घासून पुन्हा नवी करता येते, हे हल्ली लोक विसरलेत. आधी भोकं भरून घेतात, मग मशीनला जाड दगड, मग बारीक, शेवटी ऑक्झॅलिक ॲसिडचं पॉलिश. घरभर राखाडी चिखल होतो, तेवढं सोसायचं. पण खालून जी लादी निघाली ना, काळी, पिवळसर, मधूनच विटकरी, ती बघून आई म्हणाली, "ही आपलीच का रे?"

सोफ्याचं माप हॉलचं घेऊ नकोस, जिन्याच्या वळणाचं घे. आमच्या वरच्या मजल्यावरच्यांचा एल आकाराचा सोफा दुसऱ्या मजल्याच्या वळणावर अडकला होता. निम्मी सोसायटी सल्ले द्यायला जमली होती आणि शेवटी पाय कापून तो वर गेला. आम्ही सोफाच घेतला नाही. बाबांचा सागवानी दिवाण आणि वेताच्या दोन खुर्च्या होत्या, त्याच नीट करून घेतल्या. दिवाणाला चपड्याचं, म्हणजे लाखेचं, स्पिरिट पॉलिश दिलं. सुतार मेलामाइनच्या कृत्रिम पॉलिशचा आग्रह करत होता, ते जास्त टिकतं हेही खरं. पण चपड्यावर ओरखडा आला तर तेवढ्याच जागी बोळा फिरवून भागतं. दमट हवेत ते पांढुरकं पडतं, म्हणून तेही काम आत्ताच करून टाकायचं. टीव्हीखालचं कपाट तेवढं नवीन, आयएस ७१० छापाचं, पाण्याला दाद न देणारं मरीन प्लाय, पायांवर उभं, भिंतीपासून चार बोटं लांब.

दिवे लोहार चाळीतून आणले. कन्येला सगळीकडे ३००० केल्विनचा पिवळा उजेड हवा होता आणि संध्याकाळी तो खरंच छान दिसतो, मान्य. पण आईला त्यात तांदळातले खडे दिसेनात. मग ६५०० वाली पांढरी ट्यूब दिवाणाच्या वर परत आली, वेगळ्या बटणावर. दोन्ही पक्ष आपापलं बटण दाबतात.

एक गोष्ट तुझ्या त्या पोराला कधीच सुचणार नाही: गणपती कुठे बसणार? त्याने सगळ्या भिंती कपाटांनी भरल्या की भाद्रपदात तू टीव्ही काढून पलंगावर ठेवणार. आम्ही पूर्वेचा कोपरा मोकळा ठेवला. तिथे कमरेच्या उंचीवर एक प्लग आणि वर दोन हुक आहेत. २०१८ च्या बंदीनंतर थर्माकोलचं मखर गेलं, आता कापडाचं असतं, त्याला हुक लागतातच. एरवी त्या कोपऱ्यात कन्येचं घडीचं टेबल असतं, ऑफिसच्या मीटिंग तिथूनच चालतात. आणि हो, रात्री किती गाद्या पडतात तेही मोजून ठेव. तुमच्याकडे नागपूरची मंडळी उतरली की पाच तरी पडतातच.

पुढच्या रविवारी मी मुलुंडला येतो. तोवर त्या पोराला आगाऊ रक्कम देऊ नकोस आणि तुझ्या आईंचं ते शिसवी कपाट भंगारवाल्याला तर मुळीच नको.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिलीप

ता. क. वेत विणणारा माणूस आमच्या स्टेशनजवळच्या फुटपाथवर बसतो. तुझ्या आरामखुर्चीच्या बैठकीची लांबी-रुंदी कळव, मी त्याला भाव विचारून ठेवतो.