टाकीत पट्टी बुडवणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचा चेहरा मी मास्कशिवाय कधी पाहिलाच नाही. आयव्हीएफमध्ये भ्रूण गर्भाशयात ठेवतात, त्या ट्रान्सफरच्या दिवशी लॅबच्या खिडकीतून तुम्ही माझं नाव आणि जन्मतारीख विचारलीत, तेवढीच आपली भेट. तरी हे पत्र तुम्हालाच लिहितेय.

मार्च २०२० मध्ये माझी ट्रान्सफर ठरली होती. गर्भाशयाचं अस्तर वाढवायच्या गोळ्या चालू होत्या. ११ मार्चला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. १७ मार्चला अमेरिकन सोसायटी फॉर रिप्रॉडक्टिव्ह मेडिसिन या वंध्यत्व-उपचारांच्या संस्थेने सांगितलं की उपचारांची नवी सायकल सुरू करू नका, गोठवलेल्या भ्रूणांची ट्रान्सफरही थांबवा. लगेच मलाही फोन आला: गोळ्या बंद करा, तारीख नंतर कळवू. कारणं पटण्यासारखी होती. गर्भारपणात हा विषाणू काय करेल हे तेव्हा कुणालाच सांगता येत नव्हतं, आणि दवाखान्यांना माणसं, खाटा, मास्क दुसरीकडे हवे होते. पण पटलेल्या गोष्टीचाही राग येतोच. मला राग आला तो अशा उपचारांना लावलेल्या ‘तातडीचं नाही’ या शब्दांचा. मी ३९ वर्षांची होते, आणि अंडाशयात किती अंडी उरली याचा अंदाज देणारा एएमएचचा आकडा आधीच घसरलेला. (‘आता घरीच आहात, प्रयत्न करा की’ असं म्हणणाऱ्यांबद्दल इथे लिहीत नाही.)

रात्री एकच विचार यायचा: सगळं बंद आहे, मग माझी तीन भ्रूणं कोण बघतंय? शेवटी क्लिनिकच्या नंबरवर तसा निरोप ठेवला. वेडेपणाच वाटला. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला.

तुम्ही धीर वगैरे दिला नाहीत, भ्रूणं गोठवून ठेवलेली टाकी समजावून सांगितलीत. तिला वीज लागत नाही, द्रव नायट्रोजन लागतो. तो थोडा थोडा उडून जातो, म्हणून कुणीतरी येऊन भरावाच लागतो. पट्टी बुडवून बाहेर काढली की जिथवर हिम चढतं तिथवर पातळी. ‘क्लिनिक बंद असलं तरी मी येतेच,’ म्हणालात. मी विचारलं, माझं वय वाढतंय त्याचं काय? तुम्ही म्हणालात, ‘उणे १९६ अंशांवर त्यांचं वाढत नाही. अंडी काढली तेव्हा तुमचं जे वय होतं, तेच धरायचं.’ ही साधी गोष्ट दोन वर्षांच्या उपचारांत मला कुणी अशी सांगितली नव्हती. की सांगितली होती आणि माझ्या डोक्यात शिरली नव्हती, देव जाणे.

मग दर आठवड्याला तुमचा मेसेज यायचा: ‘आज भरली.’ एवढंच. बाहेर आजाराची भीती असताना तुम्ही घरातून निघत होतात, तुमच्याही घरी माणसं असतील, हे मला फार उशिरा सुचलं. त्याबद्दल माफ करा.

उपचार पुन्हा सुरू झाले तेव्हा नवऱ्याला आत येऊ दिलं नाही, तो खाली गाडीत बसून राहिला. एक भ्रूण वितळवताना टिकलं नाही, एक आत ठेवलं. चौदा दिवसांनी बीटा, म्हणजे गर्भधारणेची रक्तचाचणी, निगेटिव्ह आली. डॉक्टर नीट बोलले, आई रडली, मी कुणाचाच फोन घेत नव्हते. चार दिवसांनी तुमचा मेसेज आला, नेहमीपेक्षा थोडा लांब: ‘आज भरली. तुमचं एक आहे.’

पुढच्या महिन्यात येतेय, ताई. जन्मतारीख विचारायला खिडकीत तुम्हीच या.

तुमची,
तिसऱ्या भ्रूणाची आई