मिस्सेतली पट्टी

मा. संपादक,

आमच्या चर्चमध्ये हल्ली मिस्सेला (कॅथलिक उपासनेला) मोबाइलवरचे रेकॉर्ड केलेल्या साथीचे ट्रॅक लावतात. ट्रॅक कुणासाठी थांबत नाही. कम्युनियनची (पवित्र भाकर घेण्याची) रांग अर्धी उरते आणि गाणं संपतं. पट्टी (गाण्याचा मूळ सूर) काळी चार, म्हणजे फार उंच, त्यामुळे बाकांवरची माणसं गप्प! पेटीवर पांढरी एक, म्हणजे खालची पट्टी, धरली की मागच्या आजीही गातात. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या (कॅथलिक चर्चच्या जागतिक धर्मसभेच्या) 1963 च्या उपासनेवरील दस्तऐवजाला लोकांचा हाच सहभाग हवा होता. उपवासकाळात (ईस्टरपूर्वीच्या दिवसांत) तर नियमाने वाद्यं गाण्याच्या आधारापुरतीच (काही सणांचे दिवस वगळून), मग ट्रॅकमधले ड्रम कोण काढणार? निदान प्रतिसाद स्तोत्र (पहिल्या वाचनानंतरचं, ज्याचं धृपद लोक म्हणतात) तरी ट्रॅकविना गाऊ द्या.

– एक पेटीवादक, मिरज (जि. सांगली)