चक्करेच्या रुग्णाला सलाईन लावण्याआधी त्याचे डोळे बघा: आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: खान्देशातील ग्रामीण रुग्णालयांत चक्करेची तपासणी व व्यायामोपचार सुरू करणेबाबत

महोदय, सप्रेम नमस्कार.

आमच्याकडे चक्करेचं निदान बऱ्याचदा महिना बघून होतं. मे असेल तर ऊन लागलं, एरवी मानेचा मणका घासला. मग सलाईन, गळ्यात पट्टा आणि चक्करेवरच्या बीटाहिस्टीनच्या गोळ्या. वय झालं की मानेच्या एक्स-रेत झीज दिसतेच. चक्कर तिच्यामुळेच आहे, हे त्यावरून ठरत नाही.

‘घर फिरस’ म्हणणाऱ्या बाईला दोनच प्रश्न विचारावेत: कधी फिरतं आणि किती वेळ? कूस बदलताना, खाटेवरून उठताना, फळीवरचा डबा काढायला मान वर केल्यावर फिरत असेल आणि मिनिटाच्या आत थांबत असेल, तर तो बहुधा बीपीपीव्ही, म्हणजे डोक्याची स्थिती बदलली की येणारी कानाची चक्कर. आतल्या कानातले कॅल्शियमचे बारीक कण जागा सोडून अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरलेले असतात, बहुतेकदा मागच्या. गोळीने ते परत जागेवर जात नाहीत.

हा दोष कोणत्या कानात आहे ते ओळखण्याची तपासणी डिक्स आणि हॉलपाइक या डॉक्टरांनी 1952 साली मांडली. रुग्णाला खाटेवर लांब पाय करून बसवा, मान उजवीकडे 45 अंश वळवा आणि झटकन उताणं निजवा. डोकं कडेबाहेर 20 ते 30 अंश खाली लटकलं पाहिजे. किमान अर्धा मिनिट डोळ्यांवरून नजर हलवू नका. काही सेकंदांनी बुबुळं कपाळाकडे उसळत खालच्या कानाकडे पिळल्यासारखी फिरली, की दोष त्या कानात. नाही फिरली तर डावी बाजू तपासा.

इथेच घोळ होतो. सरकारी खाटेला डोक्याकडे लोखंडी कठडा असतो, त्यामुळे डोकं लटकतच नाही. अशा वेळी खांद्यांखाली उशी घालावी. दुसरं, गरगरलं की रुग्ण डोळे मिटतो, आणि ‘मीट डोळे, पडून राहा’ म्हणणारा कोणी ना कोणी शेजारी असतोच. डोळे मिटले की सगळा पुरावा गेला.

दोष उजवीकडे असेल तर उपचार त्याच स्थितीतून पुढे चालतो. गरगर थांबेपर्यंत, म्हणजे 30 ते 60 सेकंद, तसंच ठेवा. मान डावीकडे 90 अंश वळवा, पुन्हा तेवढंच थांबा. मग अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे, पुन्हा थांबा. शेवटी हनुवटी छातीकडे ठेवून बसवा आणि धरून ठेवा, कारण याच क्षणी माणूस कोलमडतो. कण जागेवर नेण्याची ही डॉ. जॉन एप्ली यांची पद्धत. बरेच जण एक-दोन वेळांत मोकळे होतात. मानेचं हाड सरकलेलं असेल किंवा मानेवर शस्त्रक्रिया झाली असेल, तर मात्र ही घाई करू नये.

प्रत्येक चक्कर कानाची नसते. उभं राहताच अंधारी येत असेल, तर आडवं असताना आणि उभं राहिल्यावर तीन मिनिटांत रक्तदाब मोजा. वरचा आकडा 20 किंवा खालचा 10 ने उतरला, तर कारण तिथे आहे. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेल व रक्तक्षय आधी तपासावा. बोबडी वळणं, एकाचे दोन दिसणं, आधाराशिवाय उभंच राहता न येणं, यांत पक्षाघाताचा संशय धरून ताबडतोब पुढे पाठवावं.

एका कानाची तोल सांभाळणारी नस दुबळी झाली असेल, तर खरा इलाज व्यायाम. कॅलेंडरवरचा एक आकडा हातभर अंतरावर धरायचा, नजर त्यावर रोखून मान डावी-उजवीकडे हलवायची. आकडा पुसट होऊ लागला की वेग थोडा उतरवायचा. एकेक मिनिट करत, दिवसभरात एकूण 12 ते 20 मिनिटं. मग भिंतीच्या कोपऱ्यात, पुढे खुर्ची ठेवून, पाय जुळवून उभं राहायचं. जमलं की घडी घातलेल्या गोधडीवर. सुरुवातीला चक्कर थोडी वाढते, आणि बहुतेक जण तिथेच सोडतात. हे आधी सांगणारं माणूस हवं. स्टेमेटिल किंवा सिनारिझिन या चक्कर दाबणाऱ्या गोळ्या महिनोन्महिने चालू राहिल्या तर मेंदूला दुबळ्या नसेशी जुळवून घेण्याची सवय लागणंच लांबतं, वर म्हाताऱ्यांचे हात थरथरू लागतात. रात्रीच्या विजेवर पाणी भरायला अंधारात बांधावरून चालणाऱ्या शेतकऱ्याचा तोल असा अर्धवट राहणं परवडणारं नाही.

यंत्रांची खरेदी आम्ही मागत नाही; ती होते आणि खोलीला कुलूप लागतं. प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाला बिनकठड्याचं एक तपासणी टेबल, आठवड्यातून ठरलेल्या दिवशी फिजिओथेरपिस्ट, आणि चक्करेच्या गोळ्या आठवडाभराच्या वर देताना केसपेपरवर कारण लिहिण्याची सक्ती, एवढं करावं. सुरुवात धडगाव, अक्कलकुव्यापासून व्हावी. धडगावच्या चक्करेच्या माणसाला बसमधून चांदसैली घाट उतरवून नंदुरबारला धाडण्यापेक्षा टेबल वर नेणं सोपं आहे.

प्रशिक्षण व्हिडिओ दाखवून उरकू नये. मान किती लटकली हे हाताला कळावं लागतं. जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी एकमेकांवर करून बघावं. शिकवायला आम्ही येतो. तारीख आपल्या कार्यालयाने कळवावी.

आपले,
जळगाव, धुळे व नंदुरबार जिल्ह्यांतील फिजिओथेरपिस्ट