चेंजअप शिकवणाऱ्या कॅचर दादांना, जाहीर थँक्यू

दादा, नाव टाकू नकोस म्हणालात म्हणून टाकत नाहीये, पण वाचलंत की तुम्हाला कळेलच कोणाबद्दल चाललंय. समोर येऊन थँक्यू म्हणायला गेलं की तुम्ही आधी पाणी पी म्हणता आणि विषयच बदलता, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय. आता बदला विषय.

बेसबॉलमधला चेंजअप, म्हणजे फास्टबॉल वाटावा असा टाकलेला हळू बॉल, हा प्रकार मला किती जणांनी "समजावला" होता ते आठवलं की अजून डोकं फिरतं. एक जण म्हणे, अरे क्रिकेटमधला स्लोअर बॉलच तो, झालं, संपलं लेक्चर. व्हिडिओवाले ग्रिप दाखवणार दोन सेकंद आणि बाकी वेळ बॅटर कसे येडे बनले तेच फिरवून फिरवून दाखवणार. आणि आमचे आधीचे कोच, त्यांच्याबद्दल काय बोलायचं, लांबून नुसतं "स्लो टाक, स्लो टाक", मग मी स्लो टाकायचो, हात स्लो झालेला बॅटरला आधीच दिसायचा, तो निवांत थांबून बॉल लांब भिरकावून द्यायचा आणि वर हेच माझ्यावर डाफरायचे की तुला जमायचं नाही, तू आपला फास्टबॉलच टाक. का जमत नाहीये विचारलं की आवाज अजून वाढायचा, उत्तर काही यायचं नाही.

तुम्ही पहिल्याच दिवशी बरोबर उलटं सांगितलंत. हात जराही हळू करायचा नाही, फास्टबॉलला फिरतो तेवढ्याच जोरात फिरवायचा, स्पीड काय कमी व्हायचा तो ग्रिपमुळे होऊ दे. ऐकायला सोपं वाटतं, पण जोरात हात फिरवून बॉल हळू जाईल यावर शरीराचा विश्वासच बसत नाही हो. माझे बॉल बॅटरजवळच्या प्लेटच्या आधीच मातीत आपटायला लागले.

आणि तेव्हा तुम्ही जे केलंत ना, त्यासाठीच हे सगळं लिहितोय. कॅचर, म्हणजे बॅटरच्या मागे बसून बॉल पकडणारा, बॉल उचलतो आणि बसल्या जागेवरून पिचरकडे, म्हणजे बॉल टाकणाऱ्याकडे, फेकतो, सगळे तसंच करतात, तुम्हीही फेकू शकला असतात. तुम्ही उठलात, मास्क वर केलात, बॉलची माती पँटला पुसलीत आणि ते पॅड-बिड घालून साडेसाठ फूट चालत माउंडपर्यंत, म्हणजे मी बॉल टाकतो त्या उंचवट्यापर्यंत, आलात. दर वेळी. दुखऱ्या गुडघ्याने. आलात की एक शब्द नाही, बॉल माझ्या तळहातात ठेवायचात, थोडा आत ढकलायचात, माझी तर्जनी उचलून अंगठ्याला भिडवून बाजूला गोल करायचात, मधलं बोट आणि अनामिका शिवणीवर नीट बसवायचात आणि परत जाऊन बसायचात. चेहऱ्यावर वैताग शोधून सापडला नसता. मला वाटतं चौकशी करायला किंवा झापायला कोणीही माउंडवर येतं, नुसतं बोट सरळ करायला कोण येतं?

का ते नंतर सांगितलंत, तेही मी विचारल्यावर. फास्टबॉलला जोर देणारं एक बोट बॉलच्या मागून काढून घेतलं आणि बॉल हातात खोल बसवला की हात तितकाच फिरला तरी बॉलला तेवढा जोर मिळत नाही. सोडताना अंगठा खालच्या बाजूला वळतो, फिरकीही फास्टबॉलपेक्षा कमी असते, त्यामुळे बॉल जास्त खाली बसतो आणि उजव्या हाताने टाकला तर डावखुऱ्या बॅटरपासून लांब पळतो. अमेरिकेतल्या मोठ्या लीगमध्ये ताशी 95 मैलांचा फास्टबॉल साधारण 0.4 सेकंदात प्लेटवर येतो, म्हणजे बॅटरला ठरवायला त्याच्याही निम्मा वेळ, आणि ठरवायचं कशावरून तर हातावरून. 85 चा चेंजअप त्याच हाताने आला की बॅट फिरून जाते तेव्हा बॉल अजून पाच-सहा फूट मागेच असतो. मी त्या आधीच्या कोचना हे सांगणार होतो, मग म्हटलं जाऊ दे, परत ओरडतील.

त्याच लीगमधला पिचर ट्रेव्हर हॉफमन, त्याची गोष्ट पण तुमच्याकडूनच ऐकली. 1994 मध्ये खांदा दुखावला, फास्टबॉलची धार गेली, दुसरा कोणी घरी बसला असता, याने चेंजअप हाताशी धरला आणि कारकिर्दीत एकूण 601 सेव्ह (शेवटी येऊन टीमची आघाडी राखून जिंकवलेल्या मॅच) करून 2018 मध्ये बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेला. चेंजअपसाठीच गाजलेला पिचर पेड्रो मार्टिनेझ वगैरे ठीकच आहे, त्याच्याकडे फास्टबॉलही तोफेसारखा होता, पण मला हॉफमनच जवळचा वाटतो. तुम्ही ती गोष्ट नेमकी मी वैतागून ग्लोव्ह काढायला लागलो तेव्हाच सांगितलीत, मुद्दाम की सहज हे आजही विचारलेलं नाही.

हुशार लोक खूप भेटतात हो. ज्याला येतं तो समोरच्याला लहान न करता शिकवतोय असं कमी बघायला मिळतं, आणि ज्यांच्याकडे हा गुण असतो ते स्वतःबद्दल काही सांगत पण नाहीत. तुम्ही स्वतः किती वर्षं कॅचिंग केलंत हे मला दुसऱ्याच कोणाकडून कळलं.

परवा डावखुरा बॅटर होता, दोन स्ट्राइक झालेले, म्हणजे अजून एक झाला की बाद, तुम्ही मिट (कॅचरचा ग्लोव्ह) बाहेरच्या कोपऱ्यावर धरलात. हात पूर्ण जोरात फिरवला. त्याची बॅट आधीच फिरून गेली होती आणि बॉल मागून आरामात आला. सगळे माझ्याकडे बघून ओरडत होते आणि तुम्ही तिकडे बॉल पुसत होतात.

बाकी थकलो की बॉल अजून वरच राहतो, आणि वर राहिलेला चेंजअप म्हणजे बॅटरला आयता मिळतो, ते बघायचंय. गुडघ्याला जरा आराम पडला की सांगा. आणि या वेळी बॉल घ्यायला मी चालत येणार, तुम्ही उठायचं नाही.